आखाजीचं स्वेटर

प्रिय बाबा,

काल अक्षय्य तृतीयेला तुमची पहिली आखाजी झाली. आज सकाळपासून धनजमध्ये दुसरा विषय नाही, आणि प्रत्येक ओट्यावर गोष्ट वेगळी सांगितली जाते आहे. कुणी म्हणतं आत्या रुसून निघून गेली, कुणी म्हणतं मारोतीकाका उपाशी उठले. म्हटलं, तिखटमीठ लावलेली बातमी तुमच्यापर्यंत पोचण्याआधी आपणच लिहावं. दुपारच्या गाडीनं मला कारंज्याला परत जायचं आहे, त्याआधी हे संपवते.

सुरुवात तुमच्यापासूनच करते, कारण मूळ खोडी तुमची आहे. दिवाळीला मी माहेरी आले तेव्हा हातात नव्या सुया होत्या. मोबाईलवर बघून बघून सुलट टाका आणि उलट टाका एवढं जमलं होतं, आणि मी एक सरळ पट्टी विणत होते, जी खाली रुंद आणि वर निमुळती होत चालली होती. तुम्ही शेतातून आलात, ती पट्टी उचलून पाहिलीत आणि म्हणालात, "नंदे, हे काय बैलाची झूल विनून राह्यली? त्यापरीस मले एक सुटर विन. रंग कोणताबी चालन. फक्त लाल नको, बैल बिथरतात." मी हसून हो म्हटलं. तुम्हाला काय जात होतं मागायला!

आणि मग पौषात, गव्हाला पाणी चालू असताना, तुम्ही गेलात. दवाखान्यात न्यायलाही वेळ दिला नाहीत. इतकी कसली घाई होती हो?

दहाव्याला नदीवर काय झालं ते तुम्ही वरून पाहिलं असेल तर पाहिलं असेल. पिंड मांडला आणि सगळे मागे सरकले. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली उतरेना. तुमचा लेक दिना हात जोडून म्हणाला, बाबा, शेत बटाईनं देणार नाही, स्वतः कसीन. कावळे जागचे हलले नाहीत. केनवडच्या आत्यानं तुमच्या लहानपणीच्या नावानं हाक मारली, गावच्या पंगतीचं कबूल केलं. तरी नाही. ऊन चढत होतं, लोक घड्याळं पाहत होते, आणि भटजींनी दर्भाचा कावळा करायला गवत हातात घेतलं. मला ते गवत बघवेना. बायकांतून मी पुढं झाले आणि काय बोलते आहे ते कळायच्या आत मोठ्यानं म्हणाले, "बाबा, तुमचं सुटर मी विनतो. आखाजीले तुमच्या अंगात घालतो."

कावळा उतरला.

मी गणिताची मास्तरीण आहे, योगायोग कशाला म्हणतात मला कळतं. पण नदीवर जमलेल्या माणसांत माझ्याखेरीज कुणी गणित शिकवत नव्हतं. त्या दिवसापासून बसमध्ये, बाजारात, शेजारच्या लग्नात, जो भेटेल तो एकच विचारायचा: झालं का स्वेटर?

बाबा, मला तेव्हा टाके बंद करणंसुद्धा येत नव्हतं!

कारंज्याला परतल्यावर बाजारात लोकर घ्यायला गेले तेव्हा दुकानाचे शेठजी कूलरचं गवत विकत बसले होते. त्यांनी माळ्यावरून डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारं खोकं काढलं. एका माणसाच्या स्वेटरला पुरेल एवढी लोकर एकाच रंगाची उरली होती, मोरपंखी. बैल मोरपंखीला बिथरत नसावेत असं धरून मी ती घेतली. सोबत त्यांनी एक छापील कागद दिला: पुरुषांचं बिनबाह्यांचं स्वेटर, कृती. "ताई, यात सगळं लिहिलेलं आहे," म्हणाले. "वाचता आलं म्हणजे झालं."

वाचता मला येतं. कळत काही नव्हतं. पहिल्याच ओळीत छाती ३६ (३८, ४०, ४२), आणि त्याखाली १०० (१०६, ११२, ११८) टाके घाला. मी जन्मभर पोरांना सांगत आले की कंस दिसला की आधी तो सोडवा. मी कंसातल्या आकड्यांची बेरीज केली आणि टाके घालत सुटले. सुईवर जागा उरली नाही, दुसऱ्या टोकानं टाके ओघळू लागले, तेव्हा डोक्यात उजेड पडला. ही बेरीज नव्हती. ही चार अंगलटींची चार माणसं ओळीनं उभी होती, आणि त्यातले तिसरे तुम्ही होतात. मायला फोन करून शर्टाचं माप विचारलं, ती म्हणाली चाळीस. मग लाल पेन घेऊन कागदभर प्रत्येक ठिकाणी तिसऱ्या आकड्याला गोल केला. त्या गोलांकडं पाहून पहिल्यांदा थोडा धीर आला.

पण बाबा, त्या कागदाचा स्वभाव फार तुटक. "याप्रमाणे मुंढ्यापर्यंत विणा." याप्रमाणे म्हणजे कसं, ते विचारायला समोर कुणी नाही. "फुलीपासून पुन्हा करा." एकदा मी चुकीच्या फुलीपासून पुन्हा केलं आणि बॉर्डर मध्येच वाकडी झाली. दोन संध्याकाळींची मेहनत ओढून काढली. लोकर उसवताना जो बारीक आवाज येतो ना, तो अजून कानात आहे. शाळेत फळ्यासमोर उभी असले तरी डोक्यात दोन सुलट, दोन उलट. घरी कुणी हाक मारली तर मी ओळ संपेस्तोवर उत्तर देत नव्हते आणि संपल्यावर खेकसत होते.

त्यात आत्याचा फोन. तुमची मोठी बहीण, तुम्हाला कडेवर घेऊन वाढवलेली, तिला तरी काय बोलणार?

"कुठंलोक आलं?"

"मुंढ्यापर्यंत, आत्या."

"मंग हात चालव. कबूल केलेलं पुरं नाई झालं तं जीव अडकून राह्यते, बाई. माह्या भावाले मधात ठेवू नको."

सांगा, यावर झोप लागेल का कुणाला? मी या गोष्टी मानत नाही. तरी फोन ठेवल्यावर मी पुढची ओळ अजून आवळून विणायची. तुम्ही म्हणायचे ना, नंदीनं बांधलेली पेंढी बैलालेबी सुटत नाई? तसंच. प्रत्येक टाका असा ओढला की पुढच्या ओळीला सुई आत शिरताना किरकिरायची. मला वाटत होतं घट्ट म्हणजे मजबूत.

कागदाच्या अगदी वर, चौकटीत, एक सूचना होती. विणायला घेण्याआधी नमुन्याचा छोटा चौकोन विणा आणि मोजा. दहा सेंटीमीटरमध्ये बावीस टाके आले पाहिजेत, जास्त आले तर जाड सुई घ्या. मी ती पहिल्याच दिवशी वाचली होती. वाचून पुढं गेले होते. इथं आखाजी तोंडावर, आणि चौकोन कोण विणत बसणार! फळ्यावर रोज "ताळा करून पाहा" लिहिणारी बाई मी. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

शाळेला सुट्ट्या लागल्यावर मी दोन्ही भाग घेऊन इकडं आले. पाठ झाली होती, पुढचा गळा झाला होता, टाके बंद करणंही शिकले होते. खुंटीवरचा तुमचा पांढरा शर्ट काढला, खाटेवर पसरला आणि त्यावर पाठ ठेवली. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं शर्ट बाहेर उरला. मी पाठ जरा सरकवली. मग ओढली. मग पट्टी आणून मोजलं. दहा सेंटीमीटरात माझे सत्तावीस टाके. चाळीसचं म्हणून विणलेलं स्वेटर तेहतीसवर आलं होतं.

बाबा, मी तिथंच खाली बसले. रडू आलं नाही, रागच आला. स्वतःचा, कागदाचा, कावळ्याचा. आणि तुमचासुद्धा आला, खरं सांगते.

उसवून पुन्हा विणायला दिवस उरले नव्हते. मी दोन्ही भाग ओले केले आणि खाटेच्या सुतळीला ताणून बांधले. वाळेपर्यंत बरे दिसले, सोडल्यावर आखडून जिथल्या तिथं. दिना दारात उभा राहून हे बघत होता. त्यानं मोबाईलवरून एक तयार स्वेटर मागवलं. तशाच मोरपंखी रंगाचं, मारोतीकाकांच्या मापाचं. कुरिअरवाल्यानं ते आखाजीच्या आदल्या दिवशी आणून दिलं.

तुमच्या नावानं पाटावर मारोतीकाकांनाच बसवायचं ठरलं होतं. तुमचे जन्माचे सोबती. तुम्ही आजोबांचे पितर म्हणून दरवर्षी आखाजीला कुणाला तरी बसवायचे, जेवू घालायचे, नवा कपडा अंगावर घालायचे, तसंच आता दिना तुमच्यासाठी करणार होता. पण काकांचं अंग तुम्हाला माहीत आहे. ते तुमच्याहूनही भरलेले.

"हे घालू त्यायले," दिना म्हणाला. "तुह्यं पेटीत राहू दे. कोनाले समजते?"

"मले समजते," मी म्हणाले.

"मंग काय करतं? सगळ्या गावापुढं त्या बिचाऱ्याले कोंबतं त्यात?"

मी बाजू शिवून टाकल्या. निदान पूर्ण तरी करावं म्हणून.

काल सकाळपासून आग ओकत होतं ऊन. पितरांच्या नावाची करा-केळीची मडकी पाण्यानं भरून मांडली होती. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडया, वडे, चिंचवणी, ताट सगळं तुमच्या आवडीचं. अंगणात मांडवाखाली अर्धं गाव जमलेलं. जेवायला कमी, स्वेटर बघायला जास्त. मारोतीकाका पाटावर येऊन बसले आणि आत्या म्हणाली, "नंदे, आन."

मी आतल्या खोलीत गेले. पेटीत दोन स्वेटरं शेजारी शेजारी. एक सफाईदार, एकसारख्या टाक्यांचं. दुसऱ्याची बॉर्डर एका बाजूला किंचित वर गेलेली, गळ्यापाशी एक टाका चुकलेला. बाहेर सगळे थांबलेले. तयार स्वेटर मी हातात घेतलं, बाबा. दारापर्यंत आलेही. तिथून परत वळले आणि माझं घेऊन गेले. शूरपणा वगैरे काही नव्हता. हातात दुसऱ्याचं काम घेऊन तुमच्या नावासमोर उभं राहवेना, एवढंच.

काकांनी मुकाट्यानं हात वर केले. डोकं आत गेलं. एक हात गेला. दुसरा हात घालताना ते कानांपाशी अडकलं आणि पुढंही जाईना, मागंही येईना. काका आत, हात वर, घामाच्या धारा. मागून कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. दिनानं आणि मी मिळून ते ओढून काढलं. काकांचा चेहरा लालबुंद. दिना घाईनं आत गेला आणि दुसरं घेऊन आला.

आत्यानं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं. आत मानेपाशी कंपनीची चिठ्ठी होती.

"हे तुनं नाई विनलं," ती म्हणाली.

"नाई, आत्या."

आत्याचे डोळे भरले. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती ताटाकडं बघत राहिली, जणू तुम्ही आत्ताच उपाशी उठून गेलात. आणि मला, योगायोग समजणाऱ्या मला, त्या क्षणी मनापासून वाटलं की मी तुम्हाला अडकवलं.

तेव्हा माय उठली. दिवसभर ती चुलीपाशीच होती, आल्यागेल्यासमोर आली नव्हती. ती आली, माझ्या हातातून माझं स्वेटर घेतलं, डोक्यावरचा पदर खाली केला आणि सगळ्यांसमोर ते अंगात घातलं. सरळ उतरलं, बाबा. खांदे खांद्यांवर बसले, खालची बॉर्डर कमरेवर बसली. जिचं माप मी कधी घेतलं नव्हतं तिला ते आलं.

"सरका जराशे," ती मारोतीकाकांना म्हणाली. "मी बसतो."

आत्या पुढं झाली. "वयनी, असं कसं? पितर म्हनून बाई कशी बसन? आन तेबी..."

"आन तेबी कपाळ पुसलेली. बोल ना, थांबली काहून?" मायचा आवाज चढला नव्हता. "रातच्या लाईनीवर मोटर लावून ते गव्हाले पाणी द्याले जात, तवा मी काई घरी झोपून नव्हती राहत. त्यायच्यासंगं वावराच्या धुऱ्यावर बसून राहत होती, कंदील घेऊन. साप-विंचवाचं भेव. सुटर घरात एकच होतं. ते मले देत आन आपुन उपरनं गुंडाळत. मी त्यायले देत होती, ते परत मले देत. म्हनून तं मांगलं पोरीले दुसरं."

दरवर्षी हिवाळ्यात फोनवर मी तुम्हाला विचारायची, बाबा, थंडी कशी आहे? मायला कधी विचारलं नाही. मला वाटायचं तुम्ही एकटेच जाता. तुम्हीही कधी सांगितलं नाहीत. का नाही सांगितलंत हो? आणि दिवाळीला "मले एक सुटर विन" म्हणालात, ते नेमकं कुणाच्या अंगात जायचं होतं?

मारोतीकाका उठले. त्यांनी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पाट पुसला, सरळ केला आणि बाजूला उभे राहिले. माय बसली.

आता सगळ्यांचे डोळे आत्याकडं. पितराला गंध लावायचा मान तिचा. गंधाची वाटी तिच्या हातात तशीच. तुम्ही गेल्यापासून मायच्या कपाळाला कुणी बोट लावलेलं नव्हतं, आणि कुणी लावीलसं आम्हाला वाटलंही नव्हतं. आत्या किती वेळ उभी होती मला सांगता येणार नाही. मग ती खाली वाकली, मायचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि तिच्या कोऱ्या कपाळावर उभं गंध ओढलं, दर भाऊबीजेला तुम्हाला ओढायची तसं. म्हणाली, "जेव, भाऊ. पोटभर जेव."

माय जेवली. घामानं निथळत होती, पण स्वेटर काढलं नाही. आत्या शेजारी बसून पदरानं वारा घालत होती आणि मधूनच रस वाढत होती. ताट पूर्ण स्वच्छ झालं तेव्हा दिना तोंड फिरवून विहिरीकडं गेला.

तुम्ही सुटलात का, ते मला ठाऊक नाही. मला ते शिकवलेलं नाही. मी मात्र सुटले, बाबा, आणि त्याचबरोबर, मायला कधी विचारलं नाही याची एक गाठ मनात बसली आहे, ती उसवायची नाही असं ठरवलं आहे.

आता शब्द देते, नदीवर दिला तसा घाबरून नाही. येत्या हिवाळ्यात मी मायसाठी दुसरं स्वेटर विणीन, बाह्यांचं. आधी नमुन्याचा चौकोन विणीन. हात सैल सोडीन. आणि टाके घालण्याआधी तिच्यासमोर बसून, तुमच्याविषयी नाही, तिच्याविषयी विचारीन: माय, तुले कुठंकुठं थंडी वाजते?

तुमचीच,
नंदा